अमावस्येला उघडलेला बंब

"अमोशेले मी इंजिन उघडत नसतो," यासीन मिस्त्री म्हणाला आणि त्यानं विझलेली बिडी कानावर ठेवली. बिडी कानावर गेली म्हणजे त्याच्याकडून विषय संपला.

"अरे, तू पाच वेळा नमाज पढणारा माणूस. तुले अमोशेचं काय करायचं हाये?"

"धर्म माझा येगळा असंन. धंदा तं सगळ्यायचा एकच हाये ना? माह्या उस्तादनं अमोशेले पाना उचलला नाही, त्याच्या उस्तादनं नाही उचलला. मी काहून उचलू? दुसरा दिवस सांग. पहाटे येतो."

"दुसरा दिवस नाही ना भेटत! साहेबाले लिहून देल्लं मी."

"मंग लिहून देण्याच्या आंधी मले इचारायचं होतं."

यासीनचं खरं होतं. मी आधी ठरवून टाकतो आणि मग लोकांना विचारतो, ही माझी खोड घरचे अजूनही बोलून दाखवतात. पण त्या दिवशी मला माघार घ्यायची नव्हती. त्या एका दिवसासाठी मी सात महिने नगरपरिषदेचे जिने झिजवले होते.

मी रुपराव इंगोले, हिवरपेठ नगरपरिषदेच्या आगीच्या बंबाचा ड्रायव्हर. गावाला बंब एकच. पंधरा वर्षांचा जुना डिझेल ट्रक, पाठीवर साडेचार हजार लिटरची टाकी आणि मागे पाण्याचा पंप. पंपाला वेगळं इंजिन नव्हतं, तो गाडीच्याच इंजिनावर चालायचा. म्हणजे इंजिन बंद पडलं की गाडीही गेली आणि पाणीही गेलं. मग टाकी काठोकाठ भरलेली असली तरी चुलीतला विस्तव विझवता आला नसता.

आणि त्या इंजिनात एक खोट होती. समोरच्या बाजूला, रेडिएटर आणि पंख्याच्या मागे एक मोठं झाकण असतं. झाकणाच्या आत दातेरी चाकं फिरतात. तिथंच वरच्या अंगाला करंगळीच्या पेराएवढी एक पोलादी पिन ठोकलेली. कारखान्यात जोडणी करताना भाग नीट जागेवर बसावेत एवढंच तिचं काम. नंतर तिला काही काम नाही, नुसतं बसून राहायचं. पण बिनकामाचं कोणी एका जागी बसून राहत नाही. इंजिनाच्या थरथरीनं ती पिन वर्षानुवर्षं केसाकेसानं पुढे सरकते आणि एक दिवस चाकांच्या दातांत पडते. मग दात तुटतात, झाकण फुटतं आणि इंजिन जागच्या जागी मरतं. सगळ्याच गाड्यांत असं होत नाही. पण ज्यात होतं, त्यात आधी आवाज येत नाही की धूर निघत नाही.

हे मला ऐकून माहीत नव्हतं. मी ते पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी लोणपेठला एका ओळीतली घरं पेटली आणि आमचा बंब मदतीला गेला. लोणपेठचा बंब म्हणजे आमच्या बंबाचा सख्खा भाऊ, एकाच साली आलेला. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची धार छान लागलेली होती. मी गाडी वळवत होतो, तेवढ्यात खाडकन आवाज झाला आणि ती धार माझ्या डोळ्यांदेखत खाली खाली येत जवानाच्या पायाशी पडली. त्यांचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा सेल्फ मारत होता. समोर एक बाई त्याला हात जोडत होती. आमची धार लागेपर्यंत तीन घरं बसली. त्या ड्रायव्हरचा चेहरा नंतर कित्येक दिवस माझ्या ताटात यायचा, मला घास जात नसे.

उपाय सोपा होता. झाकण उघडायचं, पिन ठोकून आत बसवायची आणि शेजारच्या बोल्टखाली लोखंडाची एक लहानशी टिकली अशी अडकवायची की पिनीला बाहेर यायला वाटच राहू नये. काम दहा मिनिटांचं. पण त्या जागेपर्यंत पोचायला आणि परत यायला अख्खा दिवस लागतो. तो दिवसभर गावाला बंब नाही. घोडं अडलं होतं ते इथंच.

मुख्याधिकारी हर्डीकर साहेब पुण्याकडचे. माणूस सरळ, पण कागदाचा. मी सातव्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"इंजिन चालतंय ना, रुपराव?"

"चालते साहेब."

"काही आवाज? तेल गळतंय?"

"काही नाही साहेब. घड्याळावानी चालते."

"मग चालतं इंजिन उघडायचं कशाला?"

"आवाज येईन तवा टाइम गेलेला असंन साहेब. मी लोणपेठले पाह्यलं."

ते उठून खिडकीपाशी गेले. "एक दिवस गाव उघडं राहणार. त्या दिवशी काही झालं तर लोक मला विचारतील, आणि मी तुम्हाला. दिवस तुम्ही निवडा. आणि जबाबदारी घेतो असं लेखी द्या."

मी दिलं. आणि दिवस निवडला कार्तिकातली अमावस्या. या निवडीवर मी फार खूश होतो. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. आमच्या गावात तीन जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने, आणि गावात दहा आगी लागल्या तर त्यातल्या नऊ जिनिंगच्या. यंत्रात कापसाबरोबर एखादा खडा गेला की ठिणगी उडते, ठिणगी रुईत जाते. पण अमावस्येला आमच्याकडे जिनिंग बंद. हमाल सुट्टीवर, यंत्रं थंड. यंत्र नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर आग नाही. हर्डीकर साहेबांनाही हे पटलं. "डोकं चालतं तुमचं," ते म्हणाले. तो शब्द मी घरी जाऊन बायकोला सांगितला, शेजाऱ्यांनाही सांगितला.

आणि आता हा यासीन कानावर बिडी ठेवून बसला होता.

शेवटी तोडगा त्यानंच काढला. "एक काम कर. पयला पाना तू लाव. सुरवात तुही, म्हणजे पाप तुह्या डोक्यावर. एकदा उघडलं की मी ते उघडं इंजिन पाहू शकत नाही, मले हात घालावाच लागंन."

मी पाना घेतला आणि पहिला बोल्ट ढिला केला. यासीननं वर पाहून काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं आणि बाह्या सरसावल्या.

सकाळी आठला सुरुवात झाली. गाडी शेडच्या बाहेर उन्हात घेतली होती. रेडिएटर उतरला, पंखा उतरला, पुली निघायला दोन तास लागले. यासीनचा हात म्हणजे देवाचं देणं होतं. बोल्ट निघाला की तो जुन्या चादरीवर ज्या जागी होता त्याच क्रमानं मांडायचा. चादरीकडे पाहिलं की इंजिनाचं तोंड कळायचं. मी चहा आणत होतो, पुसत होतो, आणि उगाच बोलत होतो. बारा वाजून गेल्यावर झाकण सुटलं. यासीन बॅटरी घेऊन आत वाकला. त्यानं छोटी हातोडी मागितली. टक टक असा दोनदा आवाज आला.

"रुपराव," तो आत वाकलेलाच राहून म्हणाला, "इकडे ये बरं."

तेवढ्यात शेडमधला फोन वाजला.

फोनवर स्टेशनाजवळच्या जुन्या जिनिंगचा मुनीम होता. तो एवढंच ओरडत होता, "रुईच्या गोडावनले लागली! बंब पाठवा! बंब!"

मी ज्या एका गोष्टीचा विचार केला नव्हता ती तेव्हा माझ्या लक्षात आली. रुईतली आग भडकत नाही, ती आत बसते. काल संध्याकाळी प्रेसमध्ये दाबलेल्या गाठीत एखादी ठिणगी गेली, तर ती रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस आतल्या आत धुमसत राहते. रोजच्या दिवशी हमाल त्या गाठी लोळवत असतात. त्यांना वास येतो, ते गाठ ओढून मैदानात फेकतात, पाणी मारतात, आणि आम्हाला फोनसुद्धा करत नाहीत. अमावस्येला तिथं फाटकावरचा एकटा चौकीदार. बंद दिवशी ठिणगी पडत नाही हे माझं बरोबर होतं. पण कालच्या ठिणगीचा वास घ्यायला त्या दिवशी कोणी नसतं, हे मी धरलं नव्हतं. इतकी वर्षं कापसाच्या गावात बंब चालवून मी सगळ्यांत वाईट दिवस शोधून काढला होता, आणि वर शाबासकी घेतली होती.

"किती वेळ लागते लावाले?" मी ओरडलो.

"अडीच घंटे. धाव धाव केली तं दोन."

लोणपेठला फोन केला. त्यांचा नवा बंब निघाला, पण बत्तीस किलोमीटर आणि रस्ता उखडलेला. तास सव्वा तास कुठं गेला नव्हता.

समोरच्या रस्त्यानं विटांचा ट्रॅक्टर चालला होता. मी त्याच्यापुढे जाऊन आडवा उभा राहिलो. ट्रॅक्टरवाल्यानं आधी शिवी दिली, मग धुराकडे पाहिलं आणि स्वतःच खाली उतरून ट्रॉलीची पिन उपसली. साखळीनं बंब ट्रॅक्टरला बांधला. रेडिएटर, पंखा आणि झाकण तिथंच चादरीवर राहिलं.

"ब्रेकचं काय?" यासीननं विचारलं. बंबाचे ब्रेक हवेवर चालणारे, आणि इंजिन बंद म्हणजे नवी हवा भरायची नाही.

"सकाळची हवा हाये टाकीत. चारपाच ब्रेक लागतीन."

"अन् सहावा?"

"तू ठोकळे घेऊन संगं चाल."

तर असा आमचा बंब निघाला. पुढे विटांनी लाल झालेला ट्रॅक्टर, मागे समोरचं तोंड सताड उघडं असलेला बंब, आणि बाजूनं दोन्ही बगलांत लाकडी ठोकळे घेऊन धावणारा पन्नाशीचा यासीन. बाजारात लोक आधी हसले. मग कोणीतरी धुराकडे बोट दाखवलं आणि हसणं थांबलं. "बंब मेला काय बे?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं माझ्या दरवाज्यावर चपराक मारली. "आजच सापडला होता काय तुले खोलाले?" स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की मला उभं राहून वळवावं लागत होतं.

स्टेशनाकडे उतार लागतो. पहिला ब्रेक, दुसरा, तिसरा. हवेचा काटा दर वेळी खाली येत होता. चौथ्याला गाडी जेमतेम थांबली. पाचव्याला पाय तसाच खाली गेला आणि बंब ट्रॅक्टरच्या अंगावर सरकायला लागला. ट्रॅक्टरवाला मागे वळून माझ्याकडे पाहत होता. यासीननं पहिला ठोकळा पुढच्या चाकाखाली टाकला, तो चुरगळून उडाला. दुसरा टाकला, त्यावर चाक चढलं आणि अडलं. मी हँडब्रेक ओढून धरला. ट्रॅक्टरवाल्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "चला भाऊ, आता सपाट हाये."

जिनिंगच्या आवारात धूर जमिनीलगत वाहत होता. पाणी होतं, आमचे होज पाइप होते, पण पंप फिरवायला काही नव्हतं. यासीन कुंपणापलीकडच्या शेतात पळाला. तिथं चाकांवर बसवलेलं पंपाचं ऑइल इंजिन उभं होतं, तुरीला पाणी द्यायचं. आठदहा जणांनी ते उचलल्यासारखं ओढत आणलं. त्याचा पाइप आमच्या टाकीत सोडला आणि दुसऱ्या तोंडाला आमचा होज तारेनं आवळून बांधला. धार आली. बारीक होती, पण होती. पेटलेलं गोडाऊन तिनं वाचणार नव्हतं. शेजारच्या गोडाऊनचा पत्रा मात्र आम्ही ओला ठेवू शकलो. लोणपेठचा बंब आला तोवर आम्ही तो तसाच ओला ठेवला.

त्या धावपळीत मला बाभळीखाली बसलेला चौकीदार दिसला. झिंगराजी मेश्राम, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. बादलीत हात बुडवून बसला होता, धुरानं डोळे मिटलेले. मुनीम म्हणाला, "पयल्यानं निस्ता म्हणत होता, बंब येते, बंब येते. नाही आला तवा सोताच आत घुसला." एकट्यानं त्यानं अकरा गाठी लोळवत बाहेर काढल्या होत्या. गाठीला लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात. त्या तापून लाल झाल्या तरी त्यानं सोडल्या नव्हत्या.

"कोण हाये?" त्यानं विचारलं.

"मी, रुपराव."

"आला काय बंब?"

"आला झिंगराजीभाऊ," मी म्हणालो. तो कसा आला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली.

आठव्या दिवशी चौकशी लागली. जिल्ह्यावरून एक अभियंता येणार होते. आदल्या दिवशी दुपारी मी यासीनच्या गॅरेजात गेलो. बंब त्यानं त्याच संध्याकाळी जोडून दिला होता, टिकली लावूनच. त्या दिवसापासून आम्ही दोघं धड बोललो नव्हतो. गावात मला लोक तोंडावर बोलत होते आणि त्यालाही सोडत नव्हते.

"तू मले बलावत होता," मी म्हणालो. "फोन वाजला तवा. काय दाखवत होता?"

यासीननं हातातलं काम बाजूला ठेवलं. दार अर्धं लोटलं.

"पिन घट्ट होती, रुपराव."

"कायच्यावरून?" मी विचारलं.

"हातोडी मारून पाह्यली. हालली नाही. जशी कारखान्यातून आली तशीच बसून होती. आपण मरेपर्यंत हालली नसती." त्यानं दाराकडे एकदा पाहिलं. "मी सांगतो लटकत होती म्हणून. कोण पाह्यते? वरून टिकली बसली हाये, आता कोणी पुन्हा खोलत नाही. चार लेकरं हायेत तुले."

मी घरी न जाता शेडमध्ये जाऊन बंबाच्या केबिनमध्ये बसलो. घट्ट होती म्हणून सांगितलं तर माझी नोकरी जाणार हे उघड होतं. हर्डीकर साहेबांची सही होती, त्यांनाही झळ लागणार. पण मला त्याहून मोठं कारण सापडलं. आमच्यासारखे जुने बंब जिल्ह्यात आणखी सातआठ गावांत होते. सगळ्यांत तीच पिन. मी खरं सांगितलं तर तिथला एकही साहेब कधीच एकाही ड्रायव्हरला इंजिन उघडू देणार नाही. 'हिवरपेठवाल्यानं उघडलं, आणि काय निघालं? माणसाचा हात गेला.' आणि मग कुठल्या तरी गावात लोणपेठसारखी धार खाली येणार. कारण खोटं नव्हतं. आजही मला ते खोटं वाटत नाही. पण खोटं बोलायला चांगलं कारण सापडलं की माणसाला किती हलकं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या हलकेपणाचीच मला नंतर लाज वाटत आली.

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेच्या व्हरांड्यात हर्डीकर साहेबांनी मला गाठलं. आठ दिवसांत त्यांचा चेहरा उतरला होता.

"रुपराव, पिन सैल होती ना?" ते विचारत नव्हते, मागत होते.

"लटकत होती साहेब," मी म्हणालो. "दोन सूत धरून होती फक्त."

दोन सूत! त्यांनी माप विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. आत गेल्यावर तेच अभियंत्याला सांगितलं, साक्षीला बोलावलेल्या यासीननं होकाराची मान हलवली, आणि सगळं बदललं. अभियंत्यानं लिहिलं की वेळीच दुरुस्ती केल्यामुळे पुढचा मोठा अनर्थ टळला. जिल्ह्यातल्या तशा सगळ्या बंबांची इंजिनं उघडून तपासावीत असं परिपत्रक निघालं. सव्वीस जानेवारीला मला शाल आणि प्रशस्तिपत्र मिळालं. बाकीच्या बंबांत काय निघालं हे मला कोणी कळवलं नाही. मी विचारलंही नाही. समजा सगळीकडे घट्टच निघाली असती तर?

आमचा बंब पुढं अकरा वर्षं चालला. त्याची धार कधी तुटली नाही.

झिंगराजीला जिनिंगनं फाटकावर कायम ठेवलं. स्टॅन्डवरच्या चहाच्या टपरीवर कोणी त्या आगीचा विषय काढला आणि माझ्या नावानं बोटं मोडली की तो तिथल्या तिथं गप्प करायचा. "रुपरावनं बरोबर केलं," म्हणायचा आणि तो थोटा हात टेबलावर ठेवायचा. त्या हातापुढे कोण बोलणार? लोक हळूहळू मला पुन्हा राम राम करायला लागले. मी मात्र टपरीचा रस्ता सोडला. स्टॅन्डवर काम असलं तरी मागच्या बाजूनं जायचो. माझ्या थापेवर विश्वास ठेवून हा माणूस माझी बाजू लढवतोय, एवढंच मला दिसायचं. समोरासमोर आलो की त्याच्या तोंडाकडे पाहता येत नव्हतं आणि हाताकडेही पाहता येत नव्हतं.

अशी वीस वर्षं गेली. मी रिटायर झालो त्या वर्षी यासीन वारला. त्याला माती देऊन परत येताना मनात आलं, आता हे माहीत असलेला जगात मी एकटाच. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी झिंगराजीच्या घरी गेलो.

तो अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. डाव्या हातानं शेंग उचलायची, उजव्या हाताच्या थोट्यात अंगठ्यानं धरायची आणि सोलायची. सुनेनं पाणी आणून दिलं. मी ते हातात धरूनच बोललो, नाही तर बोललो नसतो.

"झिंगराजीभाऊ, ते बंबाची पिन घट्ट होती. मी खोटं बोललो होतो."

त्यानं हातातली शेंग सोलून दाणे टोपल्यात टाकले.

"माहीत हाये मले."

"कोणं सांगतलं?"

"यासीननं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला होता तो. खाटेपाशी उभा राहून लेकरावानी रडला. म्हणे, झिंगराजी, पिन घट्ट होती बाप्पा, तुहा हात फुकट गेला."

म्हणजे चौकशीच्याही आधी.

"अन् तरी तुमी वीस वर्षं लोकायले सांगत राह्यले?"

"काय सांगत राह्यलो?" तो चिडला. "रुपरावनं बरोबर केलं, हे सांगत राह्यलो. पिन ढिली होती असं कोणाले म्हटलं मी? आठवून पाह्य."

मी आठवून पाहिलं. त्यानं कधीच म्हटलं नव्हतं.

"पण घट्ट होती तं बरोबर कसं झालं, भाऊ?"

"अरे, घट्ट हाये का ढिली हाये, हे खोलल्याबिगर कोणाले समजते?" तो म्हणाला. "मी जलमभर जिनिंगमंधी राह्यलो. हमाल रोज शंभर गाठीचा वास घेतेत. नव्याण्णव थंड्याच असतेत. म्हणून वास घेणं चुकलं काय? तुहा दिवस चुकला रुपराव. अमोशेले गाठी एकट्या असतेत, हे तुले सुचाले पायजे होतं, अन् मी फाटकावर बसून होतो, मलेबी सुचाले पायजे होतं. दिवस चुकला. काम नाही चुकलं."

मी रडलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, त्याच्या अंगणात, सुनेसमोर. त्यानं मला रडू दिलं. मग टोपलं माझ्याकडे सरकवलं, आणि मीही शेंगा सोलायला लागलो.

"राग आला नाही असं समजू नको," तो मधेच म्हणाला. "लय आला. डाव्या हातानं घास उचलाले शिकलो तवा रोज दोन टाइम येत होता. मंग गेला."

"मले माफ केलं ना, भाऊ?"

तो माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "हाताचं माह्यं मी पाह्यलं. त्याचं तुह्यावर काही नाही. पण खोटं बोलला ते मले कायले आणून देतं? मले थोडी फसवलं तू. ज्यायले सांगतलं त्यायले जाऊन सांग."

मी हो म्हणालो. उठताना त्यानं मूठभर शेंगा नातवंडांसाठी दिल्या.

पण जाऊ कुठं? हर्डीकर साहेब पुण्याला गेले ते गेले, पत्र टाकलं ते परत आलं. अभियंत्याचं नावसुद्धा मला आठवत नाही. नगरपरिषदेत गेलो तर नवीन बाबू म्हणाला, कोणती पिन, काका? जुन्या बंबाचा कागद आता इथं नाही. टपरी उठली, तिथं मोबाइलचं दुकान झालं. झिंगराजीही मागच्या वर्षी गेला. ज्यांनी मला शाल दिली आणि टाळ्या वाजवल्या ते गावात इकडेतिकडे विखुरलेत, काही वर गेलेत, आणि त्या सगळ्यांना मी एकेकट्याला गाठू शकत नाही. म्हणून हे लिहून नगरपरिषदेच्या वाचनालयात ठेवायला देतो आहे. त्या दिवशी व्हरांड्यात आणि आत खुर्चीसमोर उभं राहून मी जे बोललो ते खोटं होतं. इंजिन उघडलं ते मी, दिवस निवडला तो मी, आणि पिन घट्ट होती.